भिडे पूल पाण्याखाली

पुण्यात पावसाळा कधी सुरू झाला, हे वेधशाळेला विचारण्यात अर्थ नाही. वेधशाळा शिवाजीनगरला, म्हणजे पुण्यातच आहे, आणि एक पुणेकर दुसऱ्या पुणेकराचे म्हणणे सहसा मान्य करीत नाही. मृग नक्षत्र, आषाढी, पालखीचे आगमन या गोष्टी खऱ्या. पण ज्या सकाळी वर्तमानपत्रात 'भिडे पूल पाण्याखाली' हे तीन शब्द छापून येतात, त्या सकाळी आमचा पावसाळा कायदेशीररीत्या सुरू होतो. मग चहाचा पेला हातात घेऊन घरातला कर्ता पुरुष "बुडाला एकदाचा!" असे म्हणतो. त्या 'एकदाचा'त जे समाधान असते, ते मुलीचे लग्न ठरल्यावरही दिसत नाही.

परगावच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. बाबा भिडे पूल म्हणजे नारायण पेठ आणि डेक्कन जिमखाना यांना जोडणारा मुठेवरचा एक ठेंगणा पूल. इतका ठेंगणा की त्याला पूल म्हणणे हा मोठेपणा झाला. नदी ओलांडायला टाकलेली फरशीच ती. अकरा महिने त्याच्यावरून दुचाक्या सुखाने जातात आणि खालून मुठेच्या नावाखाली जे काही वाहते ते वाहते. वर खडकवासल्याचे दरवाजे उघडले, की पाणी चढते आणि हा पूल दिसेनासा होतो. त्याचे कठडे बुडाले की बातमी होते, कठड्यांची टोके दिसू लागली की दुसरी बातमी होते. मेट्रोच्या पादचारी पुलाच्या कामासाठी २०२५ साली तो काही काळ बंद होता. तेव्हा तर तो कोरडा असूनही बातमीत होता. शनिवारवाड्यालाही इतकी प्रसिद्धी मिळत नसेल. अमरावतीची आमची मेहुणी एरवी दिवाळीखेरीज फोन करीत नाही. पण दूरदर्शनवर भिडे पूल दिसला की तिचा फोन ठरलेला. "भावजी, तुमच्याकडे पाणी आलं का हो?" आम्ही सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्याकडे पाणी येते का, हा प्रश्न उन्हाळ्यात विचारावा.

कारण पाण्याची बातमी आमच्याकडे बारमाही आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणांची साखळी. चौघांची मिळून साठवण २९.१५ टीएमसी. हा आकडा पुण्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हे त्याला ठाऊक नसेल. पण 'आज किती भरलं?' हे तो क्रिकेटच्या धावसंख्येसारखे विचारतो. यात खडकवासला सर्वांत लहान, दोन टीएमसीही पुरते मावत नाही त्यात. पण वरच्या तिन्ही धरणांचे पाणी त्याच्यातूनच खाली यायचे. संसारात असे एखादे माणूस असते. कमाई बेताची, आणि सगळ्यांचे जमाखर्च त्याच्या हातून.

मी मराठीचा प्राध्यापक. व्याकरणाच्या तासाला विसर्ग शिकवायचा म्हणजे फळ्यावर 'दुःख' आणि 'अंतःकरण' हे दोन शब्द लिहायचे आणि शेजारचे दोन ठिपके दाखवायचे, हा आमचा परंपरागत शिरस्ता. एकदा जुलैत मी वर्गाला विचारले, "विसर्ग म्हणजे काय?" मागच्या बाकावरून तत्काळ उत्तर आले, "सर, अकरा हजार क्युसेक!" वर्ग हसला, मीही हसलो. पण मुलाचे काही चुकले नव्हते. पाटबंधारे खात्याने व्याकरणातला एक मरू घातलेला शब्द उचलला आणि शहराच्या तोंडी बसवला. 'पाणलोट', 'सांडवा', 'सखल' हे शब्दही तसेच. 'सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे' हे वाक्य आपण दरवर्षी वाचतो. आपल्या परिचयाचा कोणी 'मी सखल भागात राहतो' असे म्हणाल्याचे आठवते का पाहा. सखल भाग नेहमी दुसऱ्याचा असतो.

पूर पाहायला जाणे हा पुण्यातला जुना परिपाठ. भिडे पुलाच्या शेजारी झेड पूल आहे, तो चांगला उंच. पाणी सोडले की त्या पुलावर जत्रा भरते. छत्र्या, लहान मुले खांद्यावर, भाजलेली कणसे, फोटो. एखादे सद्गृहस्थ अनोळखी माणसालाही "हे काहीच नाही हो," असे सांगून आपल्या काळातल्या पुराचे वर्णन करतात. लोक वरून पाण्याकडे पाहतात. फार तर वाहून आलेल्या ओंडक्याकडे. काठाच्या पुलाच्या वाडीकडे सहसा कोणी पाहात नाही. ती पत्र्यांची, दाटीवाटीची वस्ती अगदी पायथ्याशीच आहे. पण पूर पाहायला आलेल्याच्या नजरेत ती बसत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्याच काठाच्या. मावशींना वाचता बेताचे येते, तरी पावसाळ्यात दारात चपला काढता काढता त्यांचा पहिला प्रश्न असतो, "सर, किती सोडलं?" मी सांगतो, सात हजार. त्या केरसुणी हाती घेतात. दहा-बारा हजारांपर्यंत त्या मनावर घेत नाहीत. वीस म्हटले की धान्याचे डबे माळ्यावर जातात. पंचवीस म्हटले की त्या वहिनींना सांगून लवकर निघतात, कारण तेव्हा नातवंडांना शाळेत नेऊन बसवायचे असते. महापालिकेच्या शाळा पावसाळ्यात अशाही उपयोगी पडतात. माझ्या घरी जो आकडा चहाबरोबर वाचला जातो, त्या आकड्यावर मावशींचे घर माळ्यावर चढते आणि उतरते. बातमी एकच, छपाईही एकाच यंत्रावरची.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे मात्र हा हिशोब चालला नाही. रात्रभर शहरावरही कोसळत होता आणि धरणांवरही. खडकवासल्यातून सोडायचे पाणी वाढत वाढत पस्तीस हजार क्युसेकपर्यंत गेले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. पस्तीस हजारांचे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर होतात. सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोक जागे झाले तेव्हा तळमजल्यावरच्या मोटारी बुडत चालल्या होत्या. ही काही पत्र्याची वस्ती नव्हे. कर्ज काढून घेतलेली, नावाच्या पाट्या लावलेली तुमच्याआमच्यासारख्यांची घरे. तेथे लष्कराला बोलवावे लागले. आणि पुलाच्या वाडीत, डेक्कनच्या ऐन नाकासमोर, तीन जण अंडाभुर्जीची हातगाडी पाण्यापासून वाचवायला गेले आणि विजेचा धक्का बसून तिघेही गेले. गाडी वाचवायला जातात, कारण उद्याचा धंदा त्या गाडीवर असतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात भिडे पुलाचे मोठे छायाचित्र होते, नेहमीच्याच जागी.

त्यानंतर आठवडाभर जो वाद चालला, तो खास पुणेरी होता. पाणी सोडण्याची सूचना दिली होती की नव्हती? पाटबंधारे खाते म्हणे, दिली होती. रहिवासी म्हणत, आमच्यापर्यंत आली नाही. सूचना कोणी दिली, कोणाला दिली, किती वाजता दिली यावर विद्वानांनी पानेच्या पाने लिहिली. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा यांचीही चर्चा झाली. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल. नकाशावर या रेषा फार सुंदर दिसतात. एकतानगरीच्या माणसाला त्या आधी कोणी दाखवल्या असत्या, तर त्याने तो फ्लॅट घेतला नसता, की थोडा स्वस्त मागून घेतला असता? मला दुसरे शक्य वाटते. माणसाला छप्पर लागते, आणि नदीपासून लांबचे छप्पर महाग असते.

पूर पाहायला न जाणारे एक माणूस मी पाहिले आहे, ते म्हणजे माझी आत्या. १२ जुलै १९६१ रोजी ती आठ वर्षांची होती. पानशेतचे धरण अजून बांधून पुरे व्हायचे होते. त्याला गळती लागली, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि सकाळी ते फुटले. मग खालचे खडकवासलाही फुटले. लकडी पुलावरून पाणी गेले. पानिपतानंतर १७६१ साली बांधलेला हा पूल. म्हणजे बरोबर दोनशे वर्षांनी शहरावर दुसरे पानिपत आले, असे आमच्या घरात म्हणत. आत्याला पाण्यापेक्षा नंतरचा गाळ आठवतो. पितळी डबा धुतला तरी त्याचा वास जात नव्हता, असे ती सांगते. आणि दुसरी आठवण अशी, की सगळे शहर पाण्याने धुऊन निघाले आणि प्यायला पाणी नव्हते. धरणच गेले, नळ कोठून यायचे? लोकांनी बुजत आलेल्या विहिरी उपसल्या. पूरग्रस्तांसाठी मग गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या, शहर डोंगराकडे सरकले. त्या घरांच्या जमिनी मालकीच्या करून देण्याच्या बातम्या पन्नास-पन्नास वर्षांनीही छापून येत होत्या. जुन्या घरांत अजूनही काळाची मोजणी 'पानशेतच्या आधी' आणि 'पानशेतच्या नंतर' अशी चालते. इतकी मोठी आठवण असूनही पाऊस लागला की आम्ही पुलावर कणसे खायला जातो, हे मला नेहमी चमत्कारिक वाटत आले आहे. आत्याच्या मते त्यात चमत्कारिक काही नाही. "ज्यांचे डबे गेले नाहीत ते जातात," एवढेच ती म्हणते.

पुरानंतर प्यायचे पाणी, ही जोडगोळी मात्र पुन्हा दिसली. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्ता पाण्यात होता; जानेवारी २०२५ मध्ये त्याच रस्त्याच्या पुढच्या टोकाला, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत, गुलेन-बॅरे नावाच्या आजाराची साथ आली. हातापायांतली ताकद जाते, काहींना श्वासही यंत्राने द्यावा लागतो. संशय दूषित पाण्यावर होता, आणि नांदेडच्या विहिरीचे नाव रोज वर्तमानपत्रात येऊ लागले. ही गावे २०१७ आणि २०२१ साली महापालिकेत आली. क्षेत्रफळाने आपण राज्यात सर्वांत मोठे झालो म्हणून तेव्हा पेढे वाटले गेले असतील. नळ मात्र मागाहून निघाले आणि वाटेतच थांबले. खडकवासल्याच्या काठावरच्या लोकांनी टँकरची वाट पाहावी, आणि त्यांच्या दारातून वाहिलेले पाणी पर्वतीवर शुद्ध होऊन माझ्या तिसऱ्या मजल्यावर यावे, हा भूगोल मला कळत नाही. खाली दौंड-इंदापूरचा शेतकरी याच साखळीच्या कालव्याकडे डोळे लावून असतो, आणि आम्ही वापरून सोडलेले पाणी भीमेवाटे उजनीत जाते, ते निराळेच.

कालव्यावरून आठवले. २७ सप्टेंबर २०१८ ला मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाच्या वस्तीत भर दुपारी, आकाश निरभ्र असताना, पूर आला. उंदीर, घुशी आणि खेकड्यांनी कालव्याची भिंत पोखरली, असे कारण मंत्रिमहोदयांनी सांगितले. पुण्याच्या इतिहासात दोष देता येईल अशी माणसे कधी कमी पडली नव्हती. खेकड्यांवर पाळी प्रथमच आली. खेकड्यांनी खुलासा पाठवला नाही.

आता नदीकाठ सुधारण्याचे काम चालू आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून चव्वेचाळीस किलोमीटर. २०२२ साली त्याचे भूमिपूजन झाले. चित्रे पाहिली. हिरवळ, बाके, फिरायला वाट, सायकलवर एक प्रसन्न कुटुंब. यामुळे पूर आटोक्यात राहील, असे महापालिका म्हणते. काठ बांधून पात्र अरुंद केले तर पाणी जाणार कोठे, असे विरोध करणारे विचारतात, आणि झाडांसाठी त्यांनी मोर्चेही काढले. दोन्ही बाजूंचे अहवाल जाडजूड आहेत. चित्रांत मी एकच गोष्ट शोधली, पुलाची वाडी. सापडली नाही. चित्रकाराला जागा पुरली नसेल.

त्या जुलैनंतर मावशी चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या तेव्हा हाताला गाळाचा तोच वास होता, आत्या सांगते तो असावा. सौ.ने चहा दिला, जुनी पातळे काढून दिली, सरकारी मदतीचा अर्ज मी भरून दिला. त्यात 'पात्र' की 'अपात्र' अशी चौकट होती. नदीच्या पात्रात राहणारा मदतीला बहुधा अपात्र ठरतो, ही आमच्या भाषेची गंमत मी त्यांना सांगितली नाही. त्यांनी आपले घर कसे झाले ते सांगितले नाही. एवढेच म्हणाल्या, सुताराकडून भिंतीतली फळी दोन वीत वर ठोकून घेतली आहे. आता तीस हजारांपर्यंत डब्यांची काळजी नाही. मग केरसुणी घेऊन आत गेल्या, आणि तेथूनच विचारले, "आज किती आहे, सर?"