निरोपाची छायाचित्रे

वर्षानुवर्षे एकाच महाविद्यालयात काम करणारे सहकारी निवृत्त होतात, तेव्हा त्यांना निरोप देण्याची एक ठरलेली रीत असते. शाल, श्रीफळ, चार भाषणे, अल्पोपाहार आणि शेवटी इमारतीच्या पायऱ्यांवर एक समूहचित्र. मध्यभागी खुर्च्यांवर प्राचार्य आणि सत्कारमूर्ती, मागे उभ्या रांगा, पुढे सतरंजीवर तरुण अधिव्याख्याते. हे चित्र चौकटीत बसून भिंतीवर जाते. कोण कोठे बसला होता, हे त्यावरून कळते; तो माणूस कसा होता, हे मात्र कळत नाही.

१९७० नंतरच्या दशकात तालुक्याच्या एका गावी रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक होते. त्यांना छायाचित्रणाचा नाद होता. या नादाला विद्येच्या घरी परकेपणा नव्हता. १८३९ साली ही कला जगासमोर आली, १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि दुसऱ्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये तिचा वर्ग सुरू झाला. प्राध्यापकांचा कॅमेरा अगदी साधा होता. एका फिल्मवर बाराच चित्रे निघत. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी ते पुष्कळ वेळ नुसते पाहत बसत. हे पाहणे हाच त्यांचा खरा छंद होता.

रात्री प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत तांबडा दिवा लागे. द्रावणात बुडवलेल्या कोऱ्या कागदावर हळूहळू एखादा ओळखीचा चेहरा उमटू लागे. मग तो कागद हायपोच्या द्रावणात ठेवायचा आणि वाहत्या पाण्यात निगुतीने धुवायचा. धुण्यात कसूर झाली, तर काही वर्षांनी चित्र पिवळे पडते. प्राध्यापक या कामी कधी घाई करीत नसत.

एके वर्षी दोन सहकारी एकाच महिन्यात निवृत्त होणार होते. एक संस्कृतचे ज्येष्ठ प्राध्यापक आणि दुसरे रसायनशाळेचे परिचर. दोघांचीही सेवा तीस वर्षांच्या वर झाली होती. पहिल्यांचा समारंभ सभागृहात ठरला. दुसऱ्यांसाठी कार्यालयात चहा आणि एक पाकीट, एवढेच योजले होते. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. तशी वहिवाटच होती.

समारंभाच्या दिवशी सभागृहाच्या भिंतीलगत एक सुतळी बांधलेली दिसली. तिच्यावर चिमट्यांनी चित्रे टांगली होती. बोटांवर लघु-गुरू मोजणारे संस्कृतचे प्राध्यापक. पावसाळ्यात वर्गात गळणाऱ्या धारेखाली बादली सरकवून शिकवीत राहिलेले तेच प्राध्यापक. आणि त्यांच्याच शेजारी, तितक्याच आकाराची, परिचरांची चित्रे. एका चित्रात ते धुतलेली परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून तिच्यात डाग राहिला का, ते पाहत होते. दुसऱ्यात एका घाबरलेल्या विद्यार्थ्याच्या हातावर पाणी ओतीत होते.

परिचर त्या चित्रांपुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “सर, इतकी वर्षं मी काच पाहत होतो. मला कुणी पाहत होतं, हे आज कळलं.”

संस्कृतच्या प्राध्यापकांनी ते ऐकले. ते काही बोलले नाहीत. समूहचित्रासाठी सारे पायऱ्यांवर जमले, तेव्हा मात्र ते खुर्चीवर बसेनात. “इथे आणखी एक खुर्ची हवी,” ते म्हणाले. क्षणभर शांतता पसरली. मग प्राचार्यांनी स्वतःच खुर्ची आणवली आणि परिचरांना हाताला धरून बसवले. त्या महाविद्यालयाच्या भिंतीवर असे चित्र पूर्वी नव्हते.

आज ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा असतो आणि निरोपाच्या एका सायंकाळी शेकडो छायाचित्रे निघतात. परंतु माणसाचे मोठेपण हारतुऱ्यांच्या दिवशी क्वचितच दिसते. ते दिसते रोजच्या कामात, कोणी पाहत नाही असे वाटत असताना. म्हणून सहकाऱ्याचा खरा गौरव निरोपाच्या दिवशी सुरू होत नाही. तो कितीतरी वर्षे आधी, लक्ष देऊन पाहणाऱ्या एखाद्या दृष्टीतून सुरू झालेला असतो.