विजयानंदमधील रात्र आणि पटकथाकाराचे दायित्व

नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. ही घटना पटकथाकाराच्या हाती आयतीच रचून दिल्यासारखी येते. कारण बदली झालेल्या अधिकाऱ्याचा निरोप, त्यानिमित्त देवलांच्या ‘संगीत शारदा’चा प्रयोग, भरलेले प्रेक्षागृह आणि त्या गर्दीत मिसळून बसलेला तरुण, एवढे सगळे इतिहासानेच एका छपराखाली आणून ठेवलेले आहे. मात्र प्रत्यक्ष घटना जितकी नाट्यमय, तितकी ती तपासून घेण्याची निकड लेखकाला कमी भासते, आणि ऐतिहासिक चित्रपटांतील चुकांचे मूळ बहुधा याच निर्धास्तपणात असते.

काळाचा तपशील, म्हणजे पगड्या, पादत्राणे, दिवे, वाहने, यांवर निर्मितीचा पुष्कळ खर्च होतो आणि तो योग्यही आहे. त्या काळच्या संगीत नाटक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत, हे विसरून पडद्यावरच्या रंगमंचावर शारदा म्हणून एखादी अभिनेत्री उभी केली, तर जाणत्या मराठी प्रेक्षकाचा विश्वास तिथेच उडेल. अशी चूक निदान दिसते तरी; वयाची चूक मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कान्हेरे तेव्हा अठराच्या आसपासचे, औरंगाबादेत शिकणारे विद्यार्थी होते, आणि त्यांच्या जागी तिशी ओलांडलेला, भरदार आवाजाचा नट आला की घटनेचा अर्थच पालटतो. कोवळ्या वयातला तो धीर, इतरांच्या शब्दावर टाकलेला तो विश्वास आणि १९ एप्रिल १९१० रोजी कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांच्यासह ठाण्याच्या तुरुंगात झालेली फाशी, यांची दाहकता त्या वयाशी बांधलेली आहे. म्हणून पात्रनिवड हाही इतिहासाच्या अचूकतेचा भाग मानला पाहिजे.

याहून अवघड प्रश्न जॅक्सन यांचा आहे. ते संस्कृतचे अभ्यासक होते. गुजरात आणि कोकणातील लोकसमजुतींविषयी त्यांनी जमवलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर एन्थोवेन यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. बाबाराव सावरकर यांच्यावरील राजद्रोहाचा खटला सत्र न्यायालयाकडे पाठवणारे अधिकारीही तेच होते, आणि जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पटकथेत यांतील पहिली बाजू गाळली की खलनायक सोपा होतो आणि दुसरी गाळली की कान्हेरे माथेफिरू ठरतात. दोन्ही बाजू ठेवल्या तर प्रेक्षकाला अस्वस्थ व्हावे लागते. ती अस्वस्थता सोसण्याइतका मराठी प्रेक्षक प्रगल्भ आहे, असे धरूनच लिहावे. परकी सत्ता विद्वान आणि सौजन्यशील माणसांच्या हातूनही चालत होती हे दाखवल्याने क्रांतिकारकांचे तेज उणे होत नाही, उलट त्यांच्यासमोरचा पेच किती खरा होता ते कळते.

पटकथेच्या तंत्रात ‘कालसंक्षेप’ अपरिहार्य असतो. महिनोन्‌महिने चाललेल्या घडामोडी दोन तासांत बसवण्यासाठी लांबच्या घटना जवळ आणणे, असा त्याचा अर्थ. घटनांतील अंतर आटवणे क्षम्य आहे, त्यांचा क्रम फिरवणे नाही, आणि याचे कारण नाशिकच्या प्रकरणात फार स्पष्ट दिसते. बाबारावांचे भाऊ विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून पाठवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या सामानातील पेटीच्या चोरतळातून मार्च १९०९ मध्ये मुंबईत पोचली. बाबारावांना शिक्षा झाली ती त्यानंतर, जूनमध्ये. आता चित्रपटात आधी भावाच्या शिक्षेची तार, मग सावरकरांचा संतप्त चेहरा आणि मग पेटीत ठेवली जाणारी पिस्तुले, असे तीन प्रसंग एकापाठोपाठ आले, तर टाळ्या नक्की पडतील. पण एका संघटनेची आधीपासूनची तयारी व्यक्तिगत सूडाची कथा होऊन बसेल. शिवाय मार्च १९१० मध्ये लंडनला अटक झालेल्या सावरकरांवर जॅक्सन वधाला साहाय्य केल्याचा आरोप ठेवून ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना दुसरी जन्मठेप देण्यात आली, हे ध्यानात घेतले तर असा उलटा क्रम सरकारी पक्षालाही हवाहवासा वाटला असता. भक्तिभावाने केलेली जुळवाजुळव अशी आरोपपत्राच्या बाजूने साक्ष देते.

साधनांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. पोलिसांच्या ताब्यात असताना दिलेले कबुलीजबाब, न्यायालयाचे निकालपत्र आणि पुढे अनेक वर्षांनी लिहिल्या गेलेल्या आठवणी, या तिन्हींचे वजन सारखे नसते. कबुलीजबाबात भय असते आणि आठवणीत गौरव, म्हणून कोणते वाक्य कशावर आधारले आहे याची नोंद लेखकाने संहितेच्या समासात ठेवावी. जिथे साधने गप्प आहेत, उदाहरणार्थ घटनेच्या आदल्या रात्री त्या तरुणांच्या मनात काय चालले असेल, तिथे कल्पनेला पूर्ण मोकळीक आहे आणि लेखकाची खरी कसोटीही तिथेच लागते.

पुण्यातील रँड वधावरचा जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा १९७९ सालचा चित्रपट ‘२२ जून १८९७’ अशी तारीखच नाव म्हणून धारण करतो, तर कान्हेरे यांच्यावरील चित्रपटाचे नाव ‘१९०९’ आहे. तारीख किंवा साल शीर्षकात घेणे हे प्रेक्षकाला दिलेले वचन असते, आणि चित्रपटात पुढे येणारे प्रत्येक दृश्य त्या वचनाला बांधलेले असते.

तेव्हा ऐतिहासिक चित्रपट करणाऱ्यांना एकच आग्रहाची विनंती करावीशी वाटते. ‘काही पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत’ या मोघम पाटीऐवजी कोणती पात्रे कल्पित आहेत, कोणते प्रसंग जोडले आहेत आणि कोणत्या तारखा जवळ आणल्या आहेत, हे चित्रपटाच्या शेवटी नावानिशी सांगावे.