भय आणि हास्य

भुताखेतांच्या गोष्टी वाचून माणसाचें काय भलें होणार, असा प्रश्न आमच्या घरीं नेहमीं विचारला जातो. आणि तो बहुधा माझ्याकडे पाहूनच विचारला जातो! त्याचें उत्तर मला तोंडानें कधींच नीट देतां आलें नाहीं. म्हणून तें येथें लिहून देण्याचें योजिलें आहे.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या आजोबांस अर्धांगवायूचा झटका आला. वाचा व बुद्धि शाबूत राहिली. परंतु डावा हात गेला. ज्या हाताचें बोट धरून मी प्रथम शाळेंत आलों, तोच हात अंथरुणावर निश्चल पडलेला पाहून माझ्या अंगावर शहारे आले. अभ्यासाचें निमित्त सांगून मी त्यांच्या खोलींत जाण्याचें टाळूं लागलों. हा भ्याडपणा आहे हें मला कळत होतें; पण कळणें निराळें आणि पाय उचलणें निराळें.

त्याच सुमारास माझ्या मामेभावानें मला जपानी भयकथांच्या चित्रमय पुस्तकांचे इंग्रजी अनुवाद वाचावयास दिले. अशा चित्रकथांस जपानांत 'मांगा' म्हणतात. तीं पुस्तकें उजवीकडून डावीकडे वाचावयाचीं असतात. चित्रकार आपणांस पानाच्या शेवटापर्यंत हळूहळू नेतो. पान उलटतांच कधीं भयंकर चेहरा समोर येतो, तर कधीं कोणाची तरी फजिती. पान उलटण्यापूर्वींची उत्कंठा मात्र दोन्ही वेळां एकच असते! म्हणूनच कीं काय, तेथें भिवविणारा आणि हसविणारा पुष्कळदां एकच मनुष्य असतो. काझुओ उमेझु यांनीं १९७२ सालीं शाळेसकट ओसाड भविष्यकाळांत फेकल्या गेलेल्या मुलांची भीषण कथा सुरू केली, आणि १९७६ सालीं त्यांनींच 'माकोतो' नांवाच्या एका वाह्यात पोराच्या खोड्या रंगविल्या. जुंजी इतो यांनीं तर घरांत पाळलेल्या दोन मांजरांची हकीकत भुतांच्या गोष्टींत शोभेल अशा काळ्याकुट्ट रेघांनीं काढली आहे. मांजर जवळ येत नाहीं एवढेंच दुःख. पण धन्याचा चेहरा पाहावा तर जणूं प्रलयच ओढवला आहे!

परंतु मला सर्वांत जवळचे वाटले ते शिगेरू मिझुकी. त्यांचा जन्म १९२२ सालचा. दुसऱ्या महायुद्धांत त्यांस सैनिक म्हणून न्यू ब्रिटन बेटावर पाठविण्यांत आलें. तेथें १९४४ सालीं ते हिंवतापानें आजारी असतां विमानांतून बाँब पडले आणि त्यांचा डावा हात गेला. पुढें २०१५ सालीं मृत्यु येईपर्यंतचें त्यांचें सारें काम एका उजव्या हाताचें आहे. त्यांच्या कितारो नांवाच्या भूत-बालकाचा जन्म मेलेल्या आईच्या थडग्यांत होतो. बापाचें शरीर रोगानें कुजून जातें. पण पोराला एकटें कसें सोडावें, म्हणून त्याचा एक डोळा तेवढा मागें राहतो! त्या डोळ्याला इवलेंसें अंग फुटतें, आणि तो चहाच्या वाटींत गरम पाणी घेऊन मजेंत स्नान करीत बसतो. प्रथम मला किळस आली, मग हसूं आलें, आणि मग एकाएकीं डोळे भरून आले.

ग्रंथकर्त्याचा डावा हात नव्हता, हें आजोबांस सांगावें असें फार वाटूं लागलें. एके सायंकाळीं पुस्तक घेऊन मी त्यांच्या खोलींत गेलों व तें चित्र दाखविलें. चष्मा लावून त्यांनीं तें बराच वेळ पाहिलें. मग म्हणाले, "बाळ, ह्या डोळ्याला वाटी तरी मिळाली. आमच्या हाताला नुसती उशीच कीं रे!" आणि ते हसले. त्यांचें हसूं वांकडें झालें होतें; पण तें त्यांचेंच होतें. मलाही हसूं आवरेना. हसतां हसतां पुस्तक त्यांच्या मांडीवर नीट ठेवावें म्हणून मीं तो हात उचलून बाजूला घेतला. तो ऊबदार होता. इतके दिवस मी त्याला थंड समजत होतों.

"अभ्यास झाला वाटतें?" आजोबांनीं विचारलें. त्यांस सारें कळलें होतें. मीं मान खालीं घातली.

आजोबांचा हात अजून बरा झालेला नाहीं. हास्यानें भय नाहींसें होतें असें मी म्हणणार नाहीं. रात्रीं परसांत एकट्यानें जावयास मी आजही भितों. परंतु ज्याच्याकडे पाहवत नाहीं, त्याच्याजवळ दोन पावलें जाण्याचें धैर्य हास्य देतें. युद्धांत खरें मरण पाहिलेल्या माणसानें भुताला वाटींत कां बसविलें असावें, तें मला त्या सायंकाळीं थोडेंसें समजलें.

हल्लीं रोज सायंकाळीं आम्ही दोघे मिळून दहा पानें वाचतों. पान उलटण्याचें काम माझ्याकडे आहे. आणि भयंकर चित्र येण्यापूर्वीं आजोबा मला मुद्दाम थोडें थांबावयास सांगतात.

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी