गोळी आणि नळी

ज्याची सारी हयात शब्दरूपें व धातुरूपें घोकवून घेण्यांत गेली, अशा निवृत्त शाळामास्तरानें बंदुकीच्या गोळीविषयीं लिहावें, हें पाहून वाचकांस थोडें नवल वाटेल. परंतु आमच्या नांदेड-लातूरकडील माणसास हा विषय सर्वस्वीं परका नाहीं. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यांत श्रीगुरु गोविंदसिंहांचीं जीं शस्त्रें जतन करून ठेविलीं आहेत, त्यांत तरवारी व धनुष्यें यांच्या जोडीला एक तोडेदार बंदूकही आहे. आज लातूर जिल्ह्यांत असलेल्या उदगिरास इ. स. १७६० मध्यें सदाशिवरावभाऊंनीं निजामास नमविलें, त्या विजयांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा व कवाइती बंदुकांचा वांटा मोठा होता. शिवाय शेतरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगण्याची सोय १९५९ च्या शस्त्र अधिनियमांतही आहे. आमच्या एकत्र कुटुंबांत अशी एक बंदूक आहे, आणि गेल्या वर्षीं तिनें आम्हां सर्वांस कांहीं दिवस विचारांत पाडलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

बंदुकीचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल: गोळी नळीच्या मापाची असावी. गोळी सैल झाली तर दारूचा वायु तिच्या कडेनें निसटतो, जोर वायां जातो, आणि गोळी नळीच्या भिंतींवर आपटत जाऊन भलत्याच दिशेस सुटते. ती फाजील घट्ट झाली तर वायूस वाट मिळत नाहीं, आंतील दाब वाढतो, आणि लोखंड जुनें असेल तर नळीच फाटते. ठासणीच्या बंदुकींत आणखी एक संकट आहे. सैल गोळी दारूवरून पुढें घरंगळली आणि मध्यें पोकळी राहिली, तर बार उडतांच नळी फुगते, प्रसंगीं फुटते. आणि नेम धरणाराचा डावा हात नेमका त्या नळीखालींच असतो.

रायफलीची गोष्ट याहून सूक्ष्म. तिच्या नळीच्या आंत मळसूत्राप्रमाणें आटे पाडलेले असतात. गोळी त्या आट्यांत रुतून स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडते, आणि फिरत्या भोवऱ्याप्रमाणें आपला तोल संभाळून सरळ जाते. अशा नळीस अर्थातच दोन व्यास असतात: एक आट्यांच्या उंचवट्यांमधला, दुसरा खांचांच्या तळांमधला. नुसत्या शिशाची गोळी खांचांच्या व्यासाहून एक-दोन सहस्रांश इंच मोठी असावी लागते. तांब्याचें वेष्टण असलेली गोळी त्या व्यासाइतकीच हवी, कारण वेष्टण शिशासारखें दबत नाहीं.

येथेंच नांवाचा घोटाळा सुरू होतो. आपल्या पोलिसांच्या हातीं अनेक वर्षें दिसलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ घ्या. ०.३०३ इंच हा तिच्या उंचवट्यांमधला व्यास होय. खांचांचा व्यास ०.३११ पासून ०.३१३ पर्यंत भरतो, आणि गोळीही त्याच मापाची लागते. आतां कोणी ०.३०८ इंच व्यासाची गोळी हातीं घेतली, तर हा आंकडा ०.३०३ हून मोठा, तेव्हां गोळी घट्ट बसणार, असें त्यास वाटेल. प्रत्यक्षांत ती सैल पडेल. इंग्रजी अमदानींत सैन्याच्या मापाचीं काडतुसें खासगी माणसास मिळूं नयेत म्हणून ०.३०३ ची रायफल त्यास वर्ज्य होती. त्यामुळें शिकारीसाठीं ०.३१५ ची रायफल आपल्या देशांत रूढ झाली. तिचीही गोळी नांवाप्रमाणें ०.३१५ ची नसून ०.३२ इंचाहून जाड असते. बारा बोअरच्या बंदुकींतला ‘बारा’ तर इंचांचा आंकडाच नव्हे. त्या नळींत बरोबर बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून वजन एक पौंड भरतें, एवढाच त्याचा अर्थ.

मापांतला केसाएवढा फरक किती दूर पोंचतो, याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. १८५३ च्या नमुन्याच्या एनफील्ड रायफलीची नळी ०.५७७ इंच व्यासाची होती, आणि तिच्यासाठीं ठरविलेली गोळी ०.५६८ इंचांची. फरक नऊ सहस्रांशांचा; दोन बाजूंस वांटला तर एकेका बाजूस साडेचार सहस्रांश, म्हणजे जेमतेम एका साध्या कागदाची जाडी. आणि त्या फटींत खरोखरच कागद असे. शिपायानें काडतुसाचें टोंक दांतांनीं तोडावयाचें, दारू नळींत ओतावयाची, आणि मग कागदांत गुंडाळलेली गोळी तशीच तोंडांतून गजानें खालीं दाबावयाची. इतक्या अरुंद वाटेनें कागदासह गोळी उतरावी म्हणून त्या कागदास बाहेरून वंगण लावलेलें असे. तें वंगण गाईच्या व डुकराच्या चरबीचें आहे, या शंकेनें काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. २४ एप्रिल १८५७ रोजीं मेरठ येथें नव्वदांपैकीं पंच्याऐंशी स्वारांनीं काडतुसें घेण्याचें नाकारलें, आणि १० मे रोजीं तेथें उठावाचा भडका उडाला. त्या उठावास दुसरींही पुष्कळ कारणें होतीं, हें खरें. परंतु ठिणगी पडली ती गोळी आणि नळी यांच्यामधील एका कागदाच्या जाडींत. पुढें त्याच रायफलीची गोळी ०.५५० इंचांपर्यंत बारीक करण्यांत आली, आणि भरतांना होणारी ओढाताण संपली. गोळीच्या बुडाशीं पोकळी ठेविलेली असल्यामुळें दारूच्या धक्क्यानें मऊ शिसें फुगून खांचांत बसे, म्हणून ती फट चालून जाई.

आतां आमच्या घरची हकीकत. आमचे थोरले बंधु कैलासवासी झाल्यावर बंदुकीचा परवाना रीतसर पुतण्याच्या नांवें झाला. आमच्या आजोबांपासून घरांत ती ‘एनफील्ड’ म्हणूनच ओळखली जाते; घोड्याशेजारच्या पत्र्यावर ‘टॉवर’ हा इंग्रजी शब्द व १८५९ हा सन कोरलेला आहे. तिच्याबरोबर गोळ्या ओतण्याचा एक चिमट्यासारखा सांचा आणि एका कातडी थैलींत जुन्या दहा-बारा शिशाच्या गोळ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. गेल्या वर्षीं रानडुकरांनीं आमच्या ज्वारीचा फार नास केला. वन खात्याकडे अर्ज करून बंदूक तयार ठेवावी, असें पुतण्याच्या मनानें घेतलें. त्याचा मुलगा लातुरास शिकतो. तो नवरात्रांत नांदेडास आला, आणि खंडेनवमीच्या पूजेसाठीं बंदूक खालीं काढली तेव्हां त्यानें सांच्यावरचा आंकडा वाचला: २४.

“आजोबा, हा चोवीस कशाचा?” त्यानें मला विचारलें.

मला भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आठवली. इ. स. ११५० मधील त्या ग्रंथांत गोलाचें घनफळ काढण्याची रीति आहे: पृष्ठफळास व्यासानें गुणावें व सहांनीं भागावें. यावरून घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणें वाढतें हें उघड होतें. पौंडास बारा गोळ्या होणाऱ्या नळीचा व्यास ०.७२९ इंच. पौंडास चोवीस गोळ्या हव्या असतील तर प्रत्येकीचें वजन निम्में झालें पाहिजे, म्हणजे व्यासास दोनाच्या घनमुळानें, १.२६ नें, भागलें पाहिजे. मुलानें पाटावरच कागद घेऊन भागाकार केला. उत्तर आलें ०.५७९. एनफील्डचा व्यास ०.५७७! तो आनंदानें म्हणाला, “आजोबा, सांचा हिचाच. गोळ्याही हिच्याच. आतां बाबांनीं खुशाल बंदूक भरावी.”

गणितांत खोट नव्हती. परंतु आमच्या वहिनी उंबऱ्याशीं बसून हें सारें ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, कासार आधीं हात पाहतो, मग बांगडी काढतो. तुम्ही दोघांनीं बांगडीचा हिशेब केला. हात कोणी पाहिला?” ज्या घरांत नैयायिकांचें नांव घेऊन मी प्रत्यक्षास पहिलें प्रमाण म्हणत आलों, त्या घरांत हें बोलणें टाळतां येण्यासारखें नव्हतें. पुतण्यानेंही तें मानलें, आणि परवान्याचे कागद बरोबर घेऊन आम्ही बंदूक हैदराबादेस एका परवानाधारक कारागिराकडे नेली.

त्या वृद्ध कारागिरानें प्रथम नळी रिकामी आहे ना, हें गज घालून पाहिलें. मग आंतून तेल फिरवून नळीच्या तोंडाहून किंचित् मोठी अशी मऊ शिशाची गोळी त्यानें लांकडी हातोडीनें हलके ठोकून आंत बसविली. ती गजानें खालपर्यंत दाबली, आणि बूड उघडून बाहेर काढली. नळीचें माप असें गोळीच्या अंगावर उमटून येतें. आट्यांची नळी असेल तर शिशावर खांचांचे ठसे दिसतात. खांचा तीन, पांच किंवा सात अशा विषम असल्या म्हणजे उंचवट्यासमोर खांच येते, आणि साध्या मापकानें मोजतां येत नाहीं, असेंही त्यानें मुलास समजावून सांगितलें. परंतु आमच्या गोळीवर एकही ठसा नव्हता. ती आरशासारखी गुळगुळीत होती, आणि तिचा व्यास भरला ०.६५ इंच. थैलींतली जुनी गोळी त्यानें नळींत सोडली, तेव्हां ती खडखडत थेट तळाशीं गेली.

कारण इतिहासांत होतें. १८५७ नंतर देशी पलटणींच्या हातीं इंग्रज पलटणींच्या तोडीचें शस्त्र राहूं नये, म्हणून सरकारनें एनफील्ड रायफलींचे आटे आंतून कोरून काढले, आणि त्यांच्या सुमारें ०.६५ इंचांच्या गुळगुळीत बंदुका केल्या. लांबचा नेम धरण्याची पट्टीही काढून तेथें साधी खूण बसविली. बाहेरून रूप तेंच, नांव तेंच. आंतलें बळ मात्र हिरावून घेतलेलें. नळी आंतून कोरल्यामुळें तिच्या भिंती इतक्या पातळ झाल्या कीं, तो नमुना लौकरच मागें टाकून जाड नळीचा दुसरा नमुना काढावा लागला. आमची बंदूक त्या पहिल्या, पातळ भिंतींच्या जातीची आहे, असें कारागिरानें नळीच्या कडेवर बोट फिरवून दाखविलें.

परततांना गाडींत मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, उत्तर तर अगदीं जुळलें होतें.”

मी म्हणालों, “बाळ, जुळलें तें सांच्याचें आणि नांवाचें. तिसरीस कोणीं विचारलेंच नव्हतें.”

पुतण्यापुढें प्रश्न होता कीं, नळीच्या खऱ्या मापाच्या, म्हणजे पौंडास सतरा भरणाऱ्या, गोळ्या मिळविल्या तर? कारागिराचा सल्ला स्पष्ट होता: माप जुळेल, पण दीडशें वर्षांहून जुनी पातळ भिंत जाड होणार नाहीं. शिवाय परवान्यावांचून काडतुसें वा गोळ्या घरीं तयार करणें हा आजच्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि रानडुकरांसाठीं कुंपणाचा मार्ग मोकळा आहेच. पुतण्यानें दिवाळीपूर्वीं शेतास तारेचें कुंपण घातलें. त्यास खर्च बराच आला. परंतु त्याच्या डाव्या हाताचीं पांचही बोटें शाबूत आहेत, ही जमेची बाजू वहिनी त्यास अधूनमधून ऐकवितात.

बंदूक टाकून देण्याचा विचार मात्र कोणाच्या मनांत आला नाहीं. ती परवान्यासह कुलुपांत आहे आणि खंडेनवमीस पाटावर येते. तिच्या दस्त्यास मुलानें स्वतःच्या अक्षरांत लिहून एक चिठ्ठी दोऱ्यानें बांधली आहे. तींत एवढेंच आहे: “नांव एनफील्ड. आटे नाहींत. व्यास ०.६५ इंच, प्रत्यक्ष मोजलेला. थैलींतल्या गोळ्या हिच्या नव्हेत. भरूं नये.” पुढच्या पिढींत ज्याच्या हातीं ती जाईल, त्यास वारशाबरोबर वारशाचें खरें मापही मिळेल.