एका आयडीला एकच घटक

वेबपानावरील परिच्छेद, बटण, माहिती भरण्याची चौकट अशा प्रत्येक भागाला ‘घटक’ म्हणतात आणि तो घटक पानात नेमका ओळखता यावा म्हणून त्याला दिलेल्या नावास ‘आयडी’ ही संज्ञा आहे. एचटीएमएल भाषेच्या प्रमाणानुसार आयडीत किमान एक अक्षर, अंक वा चिन्ह असावे, मोकळी जागा नसावी आणि तोच आयडी त्या पानातील दुसऱ्या कोणत्याही घटकाला नसावा. तो देवनागरीत लिहिण्यास मात्र आडकाठी नाही.

यांपैकी शेवटच्या अटीचे मोल प्रस्तुत लेखकाच्या प्रत्ययास आले ते कात्रज येथे, पेशवेकालीन तलाव आणि राजीव गांधी प्राणिसंग्रहालय या दोन स्थळांच्या शालेय सहलींसाठी तयार केलेले नोंदणीचे पान तपासले जात असताना. त्या पानावर दोन स्थळांचे दोन अर्ज होते आणि दुसरा अर्ज पहिल्याची नक्कल करून बनवलेला असल्याने दोन्हींतील दूरध्वनीच्या चौकटींचा आयडी ‘फोन’ असाच राहिला होता. पान दिसायला निर्दोष होते, ब्राउझरनेही कसलीच तक्रार केली नव्हती. परंतु खालच्या, प्राणिसंग्रहालयाच्या अर्जातील ‘दूरध्वनी क्रमांक’ या शब्दांवर क्लिक करताच कर्सर वरच्या, तलावाच्या अर्जात जात असे.

याचे कारण असे की, चौकटीचे नाव सांगणारे शब्द, म्हणजे ‘लेबल’, आणि चौकट यांची सांगड आयडीनेच घातली जाते आणि ब्राउझर पान वरून खाली वाचत जाऊन त्या आयडीचा जो पहिला घटक सापडेल तोच स्वीकारतो. जावास्क्रिप्टमधील ‘गेटएलिमेंटबायआयडी’ ही आज्ञाही अशीच पहिल्या घटकापाशी थांबते. याउलट रंगरूप ठरवणारी सीएसएस त्या आयडीच्या सर्व घटकांना लागू होते, त्यामुळे दोष डोळ्यांना दिसत नाही.

तो कानांना मात्र जाणवतो. दृष्टिहीनांसाठी पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए ही प्रणाली त्या पानावर चालवली असता पहिल्या चौकटीचे नाव दोनदा ऐकू आले आणि दुसरी चौकट निनावी राहिली. म्हणजे जिला पडदा दिसत नाही अशा विद्यार्थिनीला तिथे काय भरायचे हे कळण्याचा मार्गच उरला नव्हता.

‘तलाव-फोन’ आणि ‘प्राणी-फोन’ असे आयडी वेगळे करून प्रत्येक लेबल आपापल्या चौकटीशी जोडले गेले आणि दोन्हींचे समान रूप ‘क्लास’ या, अनेक घटकांना देता येणाऱ्या नावाकडे सोपवले गेले, तेव्हा दोन्ही अर्ज सुरळीत चालू लागले. एका मार्गाचा क्रमांक कात्रज आगाराच्या अनेक बसगाड्यांवर असू शकतो, नोंदणी क्रमांक मात्र प्रत्येक गाडीचा स्वतंत्रच असावा लागतो. क्लास आणि आयडी यांतील भेद नेमका हाच आहे. म्हणून आयडीचे वेगळेपण जपणे हा केवळ नीटनेटकेपणाचा भाग नसून, पान वापरणाऱ्या प्रत्येकाप्रती असलेले ते कर्तव्य आहे.