गेटपासवर दुसऱ्याचं नाव

आज ४ मार्च, राष्ट्रीय सुरक्षा दिन. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा दिवस. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, सगळीकडे आज सकाळी झेंडा लागला असेल, शपथ झाली असेल, खिशाला बॅज लागले असतील. माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर दुपारपर्यंत अकरा फोटो आले. जुने सहकारी आहेत, आनंद वाटला. पण प्रत्येक फोटोत मी एकच गोष्ट शोधत होतो. रांगेत ठेकेदाराची माणसं आहेत का? दोन फोटोंत दिसली. बाकी ठिकाणी ती त्या वेळी बहुतेक गाडी खाली करत असतील.

मी नाशिकमधल्या तीन कारखान्यांत मिळून २६ वर्षं सेफ्टीचं काम केलं. २०२४ ला निवृत्त झालो. कंपन्यांची नावं लिहिणार नाही, कारण पुढे जे सांगतोय त्यात माझी स्वतःची सही आहे.

२०११ ची दिवाळी. शटडाउन सुरू होता. कायम कामगार सुट्टीवर, आणि आत सगळी ठेकेदारांची माणसं. कारखान्यांत हे असंच असतं. वर्षातलं सगळ्यात धोक्याचं काम, म्हणजे टाकी साफ करणं, उंचावरचं वेल्डिंग, छपराचे पत्रे बदलणं, हे सुट्टीत होतं. ते करणारा माणूस त्या जागेत बऱ्याचदा पहिल्यांदाच आलेला असतो.

छपरावर आठ जण होते. सव्वाआठला त्यांचं परमिट माझ्या टेबलावर आलं. आठ नावं, आठ सह्या. हेल्मेट आहे, टिक. हार्नेस आहे, टिक. लाइफलाइन बांधली आहे, टिक. इंडक्शन झालं आहे, टिक. मी सही केली. वर चढून बघितलं नाही. त्या दिवशी माझ्याकडे सतरा परमिटं होती. हे कारण आहे, पण माफी नाही.

साडेदहाला एक पोरगा सिमेंटचा पत्रा फुटून खाली आला. साधारण पंचवीस फूट. हार्नेस अंगात होता. हूक लावायला दोर नव्हता. पत्र्यावर पाय ठेवायला फळ्या टाकायच्या असतात, त्या खाली भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या.

हॉस्पिटलमध्ये नर्स त्याला नावाने हाका मारत होती. तो ओ देत नव्हता. आम्हाला वाटलं शुद्ध हरपली. शुद्ध होती. ते नाव त्याचं नव्हतं.

गेटपास त्याच्या गावच्या दुसऱ्याच पोराचा होता. तो दिवाळीला घरी गेला, त्याच्या जागी ठेकेदाराने याला उभा केला. फोटो अंधुक, हेल्मेट सारखंच, सिक्युरिटीने सोडलं. इंडक्शनच्या रजिस्टरवर सही त्या दुसऱ्याची. मेडिकल त्याची. ईएसआयचा नंबर त्याचा. पत्र्यावरून पडला तो मात्र हा.

संध्याकाळी पेठ तालुक्यातून त्याचे वडील आले. मी त्यांना खर्चाचं सांगायला लागलो. त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "सायेब, ते मागून बघू. आदी माज्या पोराचं नाव नीट लिवा."

पोरगा वाचला. कमरेखालचं शरीर गेलं. त्याचं नाव मी इथेही लिहीत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. ईएसआयचे कागद दुरुस्त होऊन पैसे सुरू व्हायला चौदा महिने लागले. त्यातले बरेच महिने फक्त एवढं सिद्ध करण्यात गेले, की त्या दिवशी त्या छपरावर तोच होता.

ठेकेदाराला शिव्या घालणं सोपं आहे. मीही घातल्या. पण तो राक्षस नव्हता. स्वतः जुना फिटर, दहा-बारा माणसांचा धनी. काम चौरस फुटाच्या रेटने घेतलेलं, आणि सगळ्यात कमी रेट म्हणून मिळालेलं. बिल नव्वद दिवसांनी. नवीन माणूस आणला की मेडिकल, पास आणि इंडक्शन यात अर्धा दिवस जायचा. त्या अर्ध्या दिवसाची मजुरी कंपनी देत नव्हती. ठेकेदारालाही ती परवडत नव्हती. मग जुन्या पासवर नवा माणूस आत जाणं हे त्या हिशेबातूनच येतं. हा हिशेब आम्हीच मांडला होता. आमच्या वर्क ऑर्डरमध्ये सेफ्टीवर दोन पानं अटी होत्या, आणि रेटमध्ये त्यासाठी एक रुपयाही वेगळा धरलेला नव्हता.

आता कायद्याचं. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कामगाराची व्याख्या वाचा. ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच, मग मूळ मालकाला त्याची माहिती असो वा नसो. 'असो वा नसो' हे शब्द मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्यांचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. ईएसआय कायद्यातही ठेकेदाराच्या माणसाचा हप्ता आधी मूळ मालकाने भरायचा, मग ठेकेदाराकडून वसूल करायचा, असंच आहे. म्हणजे काम ठेक्याने देता येतं, जबाबदारी देता येत नाही.

पण दुसरी बाजूही आहे. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा मुळात २० माणसांपासून लागू होता. महाराष्ट्राने ती मर्यादा ५० केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही ५० च आहे. पत्रे बदलणारी टोळी आठ-दहा जणांची असते. ती या मर्यादेच्या खालीच राहते. नव्या संहितेत प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं आहे, ही चांगली गोष्ट. फक्त ते पत्र त्या टोळीतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचतं का, हे कोणीतरी गेटवर उभं राहून बघायला हवं.

१ जानेवारी २०२३, रविवार. इगतपुरी तालुक्यात मुंढेगावच्या जिंदाल पॉलिफिल्म्समध्ये स्फोट होऊन आग लागली. पहिल्याच दिवशी दोन महिला कामगार गेल्या, बरेच जण जखमी झाले. मी तेव्हा नोकरीत होतो. दिवसभर मला फोन येत होते आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच, आत किती जण होते? तिथल्या नोंदींबद्दल मला काही म्हणायचं नाही. मी स्वतःला विचारत होतो, हाच प्रश्न माझ्या कारखान्याबद्दल आला असता तर मी छातीठोक आकडा दिला असता का? आकडा दिला असता. नावं? त्याच्या आधी ७ जून २०२१ ला मुळशीत उरवड्याला १७ कामगार जळून गेले, त्यातल्या १५ बायका होत्या. ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली. अशा वेळी रजिस्टरवरचं नाव खरं असणं म्हणजे काय, हे त्या घरांना विचारा.

अपघातानंतर मी मॅनेजमेंटकडे चार गोष्टी मागितल्या.

एक, इंडक्शनच्या दिवसाची पूर्ण मजुरी कंपनीने द्यायची आणि नवा पास गेटवरच तासाभरात करायचा. हे मंजूर झालं आणि दुसऱ्याच्या पासवर येणं जवळपास थांबलं. सिक्युरिटी वाढवून जे झालं नव्हतं, ते एका दिवसाच्या मजुरीने झालं.

दोन, परमिटवर सही कामाच्या जागी. टेबलावर नाही. छपराचं परमिट असेल तर छपराशी, दोर हाताने ओढून बघून.

तीन, वर्क ऑर्डरमध्ये सेफ्टीचा खर्च वेगळा लिहायचा आणि त्यावर रेट कमी करायची बोली लावायची नाही.

चार, धोका दिसला म्हणून ठेकेदाराच्या माणसाने काम थांबवलं तर त्याची त्या दिवसाची मजुरी कापायची नाही.

पहिल्या तीन गोष्टी दोन वर्षांत झाल्या. चौथी मी निवृत्त होईपर्यंत झाली नाही. "उद्या सगळेच बसून राहतील," असं उत्तर मिळालं.

तो पोरगा मला नंतर एकदा म्हणाला होता, "दोर बांधलेला नाही हे मला वर गेल्या गेल्या दिसलं होतं साहेब. पण मी पहिल्या दिवसाचा, त्यात नाव दुसऱ्याचं. बोलणार कुठून?"

म्हणून ही चौथी गोष्ट मला बाकीच्या तिन्हींपेक्षा मोठी वाटते. धोका सगळ्यात आधी त्यालाच दिसतो आणि बोलायची सोय फक्त त्यालाच नाही.

मित्रांनो, तुमच्यातले बरेच जण कारखान्यांत आहात. कोणी एचआरला, कोणी मेंटेनन्सला, कोणी स्टोअरला. सेफ्टी वीक १० तारखेपर्यंत आहे. स्लोगन स्पर्धा होऊ द्या, बक्षिसं वाटा. पण उद्या सकाळी एक काम करा. ठेकेदाराच्या एका माणसाजवळ जा, त्याला नाव विचारा आणि मग त्याच्या गळ्यातला पास वाचा. दोन्ही जुळलं तर पुढचा प्रश्न विचारा, "काम धोक्याचं वाटलं तर कोणाला सांगशील?" तो काय म्हणाला ते खाली कमेंटमध्ये लिहा. कंपनीचं नाव नको, फक्त उत्तर लिहा.