रंगपेटी कोणाला, पांढरी ट्यूब कोणाला

आंरी मातीस हा फ्रान्समधला तरुण वकिलाच्या कचेरीत कारकुनी करत होता. 1890 च्या सुमारास अपेंडिक्सच्या दुखण्यातून उठताना तो अंथरुणात पडून कंटाळला, तेव्हा आईने त्याला वेळ घालवायला रंगांची पेटी आणून दिली. घरचं बियाण्यांचं आणि घरगुती सामानाचं दुकान होतं, आणि घरांना द्यायचे रंग गिऱ्हाइकांना कालवून देण्याचं काम आईकडे असे. तेव्हा रंग घरात नवे नव्हते. पेटी हाती आली आणि पुढे पोराने वकिली सोडली. आज मातीसचं नाव पिकासोच्या बरोबरीने घेतात.

दिवाळीच्या दिवसांत हा किस्सा सांगून रंगपेट्या खपवणं आम्हा चित्रसाहित्य विकणाऱ्यांना सोपं जातं. पण किस्सा आहे नवशिक्याचा. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याला पेटीतलं सगळंच उपयोगी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या भाचीला पोस्टर कलरच्या बाटल्यांचा संच, दोन-तीन गोल ब्रश, एक चपटा ब्रश आणि पॅलेट दिलं की तिचं वर्ष निघतं. वर्षानुवर्षं चित्रं काढत आलेल्या मामाला मात्र 48 रंगांची लाकडी पेटी दिली, तर त्यातले चार-पाच रंग संपतात आणि उरलेले ट्यूबमध्येच वाळून खडखडीत होतात. त्याचं पॅलेट केव्हाच ठरून गेलेलं असतं.

मुरलेल्या चित्रकाराला काय लागतं, ते व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या पत्रांत दिसतं. 1888 साली तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी राहायला गेला. भाऊ थिओ पॅरिसला चित्रांच्या व्यापारात होता आणि रंग, कॅनव्हास, खर्चाचे पैसे सगळं तोच पाठवायचा. पत्रांतून त्याच्याकडे याद्या जात : रंगाचं नाव, ट्यूब लहान की मोठी, नग किती. याद्यांत पांढरा भरपूर, तोही मोठ्या ट्यूबमध्ये. थिओने यादीबरहुकूम माल धाडायचा. कलावंताला भेट द्यायची याहून खात्रीची रीत आजवर कुणाला सापडलेली नाही.

तैलरंगात काम करणाऱ्याकडे आजही सगळ्यात आधी संपतो तो पांढराच. आकाश, त्वचा, भिंत, कपड्यावरचा उजेड, सगळीकडे तो मिसळावा लागतो. महिनाअखेरीला ट्यूब मागून गुंडाळत शेवटचा थेंब काढणाऱ्याला टायटॅनियम व्हाइटची 200 मिलिलिटरची ट्यूब मिळाली, की तो ती त्याच संध्याकाळी उघडतो.

रंग घेताना ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचावीत. 1931 साली मुंबईत दिगंबर दांडेकरांनी शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे ‘कॅमल’ रंग आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. त्यांतही विद्यार्थ्यांसाठीची मालिका वेगळी आणि चित्रकारांसाठीची वेगळी. विद्यार्थी प्रतीत रंगद्रव्य कमी आणि भर जास्त. चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक असतो, जसा अल्ट्रामरीनचा पीबी 29 किंवा टायटॅनियम व्हाइटचा पीडब्ल्यू 6, आणि रंग उजेडात किती टिकेल याची खूणही असते. ही खूण किती महत्त्वाची, तेही व्हॅन गॉगच्याच चित्रात पाहायला मिळतं. ‘बेडरूम’ या चित्रातल्या भिंती त्याने जांभळ्या रंगवल्या होत्या. त्यातला लाल उडून गेला, आणि आज सगळं जग त्या भिंती निळ्या म्हणून ओळखतं.

जलरंगवाल्याला कागद द्यावा. त्याची सगळी कंजुषी तिथेच चालते. 300 जीएसएमचा शंभर टक्के कॉटनचा कागद पाणी झेलतो, फारसा फुगत नाही, ओल्या रंगात रंग सोडला तर तो हवा तसा पसरू देतो. लाकडाच्या लगद्याच्या पातळ कागदावर तोच वॉश डाग पाडून वाळतो. गंमत अशी, की 22 बाय 30 इंचांचा महागडा फुल शीट भेट मिळाला, की भलेभले चित्रकार बिचकतात. ‘काहीतरी मोठं करू’ म्हणून तो शीट वर्षभर गादीखाली पडून राहतो. त्यापेक्षा दुकानातच शीट क्वार्टर कापून घ्यावेत. दहा शीटचे 40 तुकडे होतात, आणि 40 तुकड्यांतले दहा बिघडले तरी कुणाचा जीव वर-खाली होत नाही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याला कागद देताना सोबत घट्ट बंद होणारी प्लास्टिकची पिशवी आणि सिलिका जेलच्या पुड्या द्याव्यात. दमट हवेत कागदावरचं सायझिंग, म्हणजे पाणी अडवणारा लेप, मरतं, आणि मग ब्रश टेकला की रंग टीपकागदावर पडल्यासारखा आत जातो.

ब्रशची निवड अवघड, कारण प्रत्येकाचा हात वेगळा. तरी पारख करता येते. नव्या गोल ब्रशचे केस डिंकाने ताठ केलेले असतात. दुकानदाराकडून वाटीभर पाणी मागून घ्यावं, ब्रश त्यात नीट भिजवून डिंक सोडवावा आणि मनगटाने एक झटका द्यावा. केस आपोआप एका टोकाला आले तर ब्रश घ्यावा. टोक दुभंगलं किंवा एखादा केस बाहेर डोकावला, तर नाव कितीही मोठं असो, परत ठेवावा.

आणि एक गोष्ट चुकूनही घेऊ नये : मुंगसाच्या केसांचा ब्रश. आपल्याकडे एके काळी त्याचं मोठं कौतुक होतं. केस ताठ, टोक नेमकं. मुंगूस हा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा प्राणी आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. थोड्या केसांसाठी जनावर मारलं जातं. 2019 मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने देशभर छापे घातले, तेव्हा असे ब्रश हजारोंनी सापडले. कुणी काउंटरखालून ‘खास माल’ काढून दाखवला, तर तिथून निघावं. चांगले सिंथेटिक ब्रश आता सर्रास मिळतात.

भेट गाणाऱ्याला द्यायची असेल, तर नव्या वस्तूपेक्षा डागडुजी जास्त कामाची. मिरजेच्या तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. पण घरात तंबोरा असूनही तो गवसणीत पडून असतो, कारण त्याची जवारी गेलेली असते. तारा घासून घोडीवर चर पडतात आणि आवाज बसतो. कारागीर घोडीचा पृष्ठभाग कानसून, दोरा सरकवून एकेक तार ऐकत तो पुन्हा बोलता करतो. गाणाऱ्या मावशीला नवं काही देण्यापेक्षा तंबोरा नेऊन जवारी करून आणण्याची जबाबदारी घ्यावी. तारांचा एक जादा संचही द्यावा. तिचं वाद्य बायकी पट्टीचं की मर्दानी, हे आधी विचारून, कारण तारांची जाडी त्यावर ठरते.

पुन्हा चित्रकारांकडे वळायचं, तर ज्याचं प्रदर्शन ठरलंय, त्याला फ्रेमचं बिल भरून द्यावं. 1952 पासून सुरू असलेल्या मुंबईच्या जहांगीर कलादालनात तारीख मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात, आणि ती मिळाली की पहिला घाम फ्रेमवाल्याच्या अंदाजपत्रकाने फुटतो. जलरंगाला काच लागते, काच चित्राला चिकटू नये म्हणून माउंट लागतो, आणि तोही आम्लमुक्त हवा, नाहीतर काही वर्षांत कडेने कागद पिवळा पडतो. फ्रेमवाल्याकडे आगाऊ रक्कम भरून पावती पाकिटात घालावी. पट्टी कुठली आणि माउंट किती इंची, ते चित्रकार ठरवेल. पाकीट देताना ‘आता आमचं एक पोर्ट्रेट काढून दे’ ही फर्माईश मात्र गिळून टाकावी. पोर्ट्रेटची मजुरी वेगळी असते, ती फ्रेमच्या बिलातून वळती होत नाही.